खुनी निम्म्यातच कळला, तरी पुस्तक खाली ठेवता आलं नाही (रहस्यभेद आहे, जपून वाचा)

उन्हाळी_वाचक (जुळे सोलापूर)

कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की कुणीतरी गूगल करणार आणि दुसऱ्याच ओळीत खुनी कोण ते कळणार. ज्यांनी वाचली आहे त्यांना एवढ्यावरून समजेल: अमेरिकेच्या उत्तरेकडचं तळ्याकाठचं छोटं गाव, हाडं गोठवणारी थंडी, एकेकट्या राहणाऱ्या चार बायका, आणि घरं गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करायला येणारा तो सभ्य माणूस. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरा. खाली सगळं उघड लिहिणार आहे.

मी वाचनालयातून आणली. आधीच्या कुणा पुण्यात्म्याने पान ४० वर भट्टीवाल्याच्या नावाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारून समासात "हाच" असं लिहून ठेवलेलं. नंतर खोडलंय, पण पान उजेडात तिरकं धरलं की स्पष्ट दिसतं. असा वैताग आला की पुस्तक परत करणार होते. पण लेखकानेच १४०च्या आसपास खुनी सांगून टाकलाय, आणि पुस्तक आहे पावणेचारशे पानांचं. तिथून पुढे एकच प्रश्न उरतो, तो आता कुणाची बेल वाजवणार. बाहेर ४३ अंश, कूलर घरघरतोय, आणि मी बर्फातल्या त्या घरात तिसरी बाई दार उघडते की नाही हे बघत पहाटेपर्यंत बसले.

मला सगळ्यात भिववलं ते एका साध्या गोष्टीने. काम झालं की तो कॉफी पितो, स्वतःचा कप विसळतो आणि ओट्यावर पालथा घालतो. पोलीस येतात, एकच कप खरकटा दिसतो, म्हणजे बाई एकटीच होती असं धरून चालतात. लेखक हे कुठे समजावून सांगत नाही. पहिल्या दोन खुनांत नुसता पालथा कप दिसतो, तिसऱ्या वेळी आपल्याला अर्थ लागतो आणि पोटात गोळा येतो.

आता तुम्ही सांगा. खुनी आधी कळल्यावर मजा गेली का? आणि शेवटच्या साठ पानांत त्याचं बालपण सांगितलंय ते हवं होतं का? मला आवडलं, पण माझ्या मैत्रिणीने तिथेच पुस्तक मिटलं.

कडक_भाकरी

रुमाल टाकून ठेवतो. मी पण हीच वाचूलालो, २०० पानं झाली.

ते कपाचं मात्र पटलं नाही ताई. आपल्याकडं आलेला माणूस उठून स्वतःचा कप विसळायला लागला तर घरातल्या बाईला जागच्या जागी संशय यील. सोलापुरात हा पहिल्याच घरात सापडला असता.

मिनेसोटाकर

धागा बघून राहवलं नाही. मूळचा मी सात रस्त्याचा, आता बरीच वर्षं या थंड मुलखात. भट्टीवाल्याचं वर्णन अगदी बरोबर उतरलंय. इथे घराच्या तळघरात ती भट्टी असते, बहुतेक गॅसवर चालते. हिवाळ्याआधी तपासणीला माणूस येतो. तुम्ही वर स्वयंपाकघरात, तो खाली एकटा. खालून खडखड येत राहते, मग थांबते. थांबली की काम झालं असेल असं समजून तुम्ही आपल्या कामात असता. ती शांतता लेखकाने फार नेमकी वापरली आहे. मी वाचताना खाली आमचीच भट्टी सुरू झाली आणि दचकलो.

एक खोट मात्र काढतो. दुसरा खून ताज्या बर्फात होतो. अंगणातून दारापर्यंत बुटांचे ठसे, गाडीच्या चाकांच्या खुणा, सगळं छापल्यासारखं उमटतं. पुन्हा बर्फ पडला तर झाकलं जाईल, पण त्या प्रकरणात आभाळ निरभ्र आहे, चांदणं आहे, आणि त्या चांदण्याचं दीड पान वर्णन आहे. एवढ्या चांदण्यात एकाही पोलिसाला ठसे दिसले नाहीत?

ताणाबाणा (पूर्व भाग)

मिनेसोटाकर, तुमची शांतता वाचून हसू आलं. आमच्या भागात रात्रभर कापड विणायचे लूम चालतात. त्या खटखटीत लहान पोरं पाळण्यात गाढ झोपतात. आम्हाला जाग येते ती लाईट गेली की. सगळे लूम एकदम थांबतात आणि आख्खी गल्ली उठून बसते, "काय झालं" म्हणून. वयस्कर मंडळी दार उघडून बाहेर येतात. तुमच्याकडच्या माणसाला आवाज थांबल्यावर बरं वाटतं, आमच्याकडं तोच धोक्याचा भोंगा. इथं कुणी अशी कादंबरी लिहिली तर भीतीचा प्रसंग उलटा बांधावा लागेल.

बाकी खुनी आधी कळला म्हणून काही बिघडलं नाही. उलट "हा की तो" करत बसण्यात पानं वाया जातात. एकदा माणूस कळला की त्याचा हात दिसतो. तिसऱ्या घरात तो हातमोजे काढून खिशात ठेवतो, मग पुन्हा घालतो. कोण हे माहीत नसतं तर मी ते वाक्य नुसतं वाचून पुढं गेलो असतो.

खिडकीतली_मांजर

माझी नावड नोंदवून ठेवते. चार बायका मेल्या. पहिलीला अर्धं पान. दुसरी शिक्षिका होती एवढंच कळतं, काय शिकवायची तेही नाही. चौथीचं तर नाव फक्त पोलिसांच्या कागदावर येतं. आणि यांना मारणाऱ्याला साठ पानं! त्याची आई, त्याचा बाप, त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव माझ्या लक्षात राहिलं, दुसऱ्या बाईचं राहिलं नाही. लेखकाला काय महत्त्वाचं वाटतं ते यातच आलं.

उन्हाळी, तुमच्या मैत्रिणीने बरोबर जागी पुस्तक मिटलं.

उन्हाळी_वाचक

मांजर, मुद्दा मान्य, पण निष्कर्ष नाही. थरारकथा हातात घेताना मी श्रद्धांजली वाचायला बसलेली नसते. मला भीती हवी असते, तीही माझ्या बिछान्यात, दाराला कडी लावून. बालपण वाचताना मला त्याची दया आली नाही. तो इतका साधा का दिसतो ते कळलं. आणि तिसऱ्या बाईला लेखकाने भरपूर जागा दिली आहे की. तिची पेटी, तिचा बहिणीला रोजचा फोन, तिचं ते फोनवर खोटं हसणं.

वाचनमात्र

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलंय, सांभाळून घ्या.

मांजर यांचं वाचून मनात आलं. आपल्याकडच्या अशा खुनांची आठवण आपण कुणाच्या नावाने ठेवतो? मुंबईत ज्याने झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या गरिबांची डोकी फोडली, तो १९६८ साली पकडला गेला, आणि आजही सगळ्यांना रामन राघव हे नाव पाठ आहे. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव कुणाला सांगता येणार नाही. परभणीकडच्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ दरम्यान बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. तिथे गुप्तधनाचा आणि अंधश्रद्धेचा नाद होता. ते सगळं गावाच्या नावावर चिकटलं. मानवतचा माणूस अजून गाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघतो. आणि पुण्याचं १९७६-७७चं प्रकरण? ते मात्र जोशी-अभ्यंकर. म्हणजे ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांची आडनावं. मारणाऱ्या चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली, पण त्यांची नावं आज पुण्याबाहेर किती जणांना आठवतात?

माझी आई १९६८ साली मुंबईत चाळीत राहायची. पुरुष मंडळी काठ्या घेऊन रात्री आळीपाळीने गस्त घालायची आणि एरवी गॅलरीत झोपणारी सगळी पोरंबाळं उकाड्यात खोलीत कोंबलेली. तिला रामन राघवची भीती आठवत नाही, तो उकाडा आठवतो.

कडक_भाकरी

उकाड्यावरनं आठवलं. आपल्याकडं आत्ता अर्धं गाव गच्चीवर झोपतंय. वाचनमात्र, तुम्ही आज झोप उडवली. +१ तरी देतो.

डॉ_दुपारचे_बारा

न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे असली पुस्तकं मी वाचतो ती चुका काढायला. घरचे वैतागतात. या कादंबरीत मात्र कल्पना खरोखर हुशारीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांचं जेवण चाललंय त्यांनी नंतर वाचा.

जिवंत माणसाचं शरीर साधारण ३७ अंशांवर असतं. मेल्यावर ते हळूहळू खोलीच्या तापमानाकडे घसरतं. खोली किती थंड ते माहीत असेल तर शरीर किती निवलं यावरून मृत्यू केव्हा झाला याचा अंदाज बांधता येतो. हा भट्टीवाला काय करतो? खून केल्यावर तापमान वर नेऊन ठेवतो. घर तापतं, शरीर निवत नाही. काही तासांनी तापमान पुन्हा नेहमीवर येतं. सापडतं तेव्हा खोली गार आणि शरीर जरा जास्तच गरम. डॉक्टर म्हणणार, तीनचार तासांपूर्वी मृत्यू. खरं तर बारा तास उलटून गेलेत. आणि तीनचार तासांपूर्वी हा बाबा गावच्या हॉटेलात सगळ्यांसमोर जेवत बसलेला.

इथपर्यंत छान. पण लेखकाने फक्त एका घड्याळाशी खेळ केला. प्रेताजवळ आणखी घड्याळं असतात. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळतं, तिथे त्वचेला जांभळट झाक येते. सुरुवातीच्या तासांत त्या डागावर अंगठा दाबला तर रंग सरकतो आणि तिथे फिकट ठसा उमटतो. सहा ते बारा तासांत तो डाग पक्का होतो, मग कितीही दाबा, हलत नाही. शिवाय उष्णतेने अंग लवकर ताठतं. म्हणजे या बाईंच्या अंगाची ऊब सांगणार चार तास, आणि डाग व ताठरपणा सांगणार बराच काळ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही विचारलं असतं, "बाळ, दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतायत, खोटं कोण बोलतंय?" कादंबरीतल्या डॉक्टरीणबाई थर्मामीटर बघतात आणि घरी जातात.

आणि एक. मृत्यूची वेळ "रात्री सव्वादहा" अशी सांगणारा डॉक्टर मी फक्त कादंबऱ्यांत पाहिला. आम्ही पट्टा सांगतो, अमुक ते अमुक तास. त्या पट्ट्यावर वकील आम्हाला कोर्टात कसं सोलतात ते इथले वकील पुढची_तारीख सांगतील.

ताणाबाणा

डॉक्टर, आपल्या इथं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४३-४४ असतं. मग शरीर निवणार कसं?

डॉ_दुपारचे_बारा

निवतच नाही! हाच तर मुद्दा. भोवतालची हवा शरीरापेक्षा गरम असेल तर तापमान खाली यायचं सोडून थोडं वरही जाऊ शकतं. त्या भट्टीवाल्याला जे कष्टाने करावं लागलं ते सोलापूरचा मे महिना फुकटात करतो. विलायती पुस्तकांतला "तासाला साधारण एक अंश" हा हिशेब इथे उन्हाळ्यात कुचकामी. ताठरपणाही आपल्याकडे लवकर येतो, तासा-दोन तासांत सुरू, आणि उन्हाळ्यात जातोही लवकर. त्यामुळे इथे काम करणारा डॉक्टर पहिल्यापासूनच एका घड्याळावर विसंबत नाही. पोटातलं अन्न, डाग, माश्यांची अंडी, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे बाईंना शेवटचं जिवंत कुणी पाहिलं.

पुढची_तारीख

डॉक्टर, सोलतात वगैरे काही नाही, आदराने विचारतो. :)

मला खटकला तो शेवटचा कबुलीजबाब. ती पोलीस अधिकारी बाई त्याच्यासमोर बसते, खेळवते, तो फुटतो, टाळ्या. आपल्याकडे तो जबाब कोर्टात शून्य. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आलंय. कबुली चालते ती मॅजिस्ट्रेटसमोर, आणि तेही मॅजिस्ट्रेटने आधी "तू बोललंच पाहिजेस असं नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध जाईल" असं समजावून, विचार करायला वेळ दिल्यावर. पोलिसांना उपयोग होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. त्याने सांगितलं, "हातोडी विहिरीत टाकली," आणि विहिरीत हातोडी मिळाली, तर तेवढा भाग ग्राह्य.

कुणी नार्को टेस्ट (औषध देऊन बोलतं करणं) म्हणायच्या आत सांगतो, सक्तीची नार्को सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच घटनाबाह्य ठरवली आहे.

वाचनमात्र यांनी पुण्याचं प्रकरण काढलं म्हणून आणखी थोडं. तिथे गुन्हा सिद्ध व्हायला मोठा आधार झाला तो माफीच्या साक्षीदाराचा, त्यांच्याच टोळीतल्या एकाचा. कोल्हापूरचं गावित प्रकरण, आई आणि दोन मुली, चोरीसाठी पळवलेली लेकरं, १९९६ला अटक. तिथेही एका बहिणीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. (त्या दोघींची फाशी उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जावर निर्णयाला झालेला उशीर.) आता बघा, पुण्यात कॉलेजची मुलं मिळून, कोल्हापूरला घरातली माणसं मिळून, मानवतला तर आरोपींची रांग. आपल्याकडची ही गाजलेली प्रकरणं एकट्या थंड डोक्याच्या माणसाची नाहीतच. चारजण मिळून करतात, मग एकजण घाबरतो किंवा वाचायला बघतो. या कादंबऱ्यांत मात्र एकटा खुनी आणि एकटी अधिकारी, बुद्धिबळाचा पट. वाचायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण आपल्या मातीतली थरारकथा लिहायची तर ती टोळीच्या आत लिहावी लागेल. रात्री कोण कुणाकडे बघून बोलायचं थांबतो, तिथे.

खिडकीतली_मांजर

पुढची_तारीख, तुमच्या या शेवटच्या चार ओळींची कादंबरी मी रात्रभर जागून वाचेन.

कडक_भाकरी

सोलापुरी आवृत्ती मी सांगतो. भट्टी गेली, आपल्याकडं पाणी. किती दिवसाआड येणार आणि रात्री किती वाजता सुटणार हे ज्याला पक्कं माहीत असतंय तो चावीवाला खुनी. रात्री दोनला बाई एकटी दार उघडून मोटर लावायला बाहेर. काय म्हणता? अंगावर काटा आला का नाही?

उन्हाळी_वाचक

नाही आला. पाणी आलेल्या रात्री सोलापुरात बाई एकटी असते कुठे? आख्खी गल्ली पाईप ओढत रस्त्यावर. समोरच्या काकू आपल्या आधी मोटर लावली म्हणून शेजारणीशी भांडतायत, पोरं बादल्या घेऊन उभी, कुणाचा तरी हौद भरून रस्त्यावर वाहतोय. तुझा चावीवाला आला तर त्याला धरून आधी विचारतील, प्रेशर का कमी आहे. तिथेच कादंबरी संपली.

कडक_भाकरी

गेली माझी बेस्टसेलर.

जमादार_काका

मंडळी, मी वाचक नाही फारसा. सुनेने हा धागा वाचून दाखवला, मग तिच्याकडून पुस्तक मागून घेतलं. नोकरी पोलीस खात्यात झाली, अर्धी ग्रामीणला, अर्धी शहरात.

पुस्तकात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे की हे एकाच माणसाचं काम. नकाशा लावलाय, दोरे बांधलेत. प्रत्यक्षात अवघड काम तेच असतंय. एक मयत एका ठाण्याच्या हद्दीत, दुसरं तीस किलोमीटरवर दुसऱ्या ठाण्यात, आणि तिसरं तर राज्याच्या पलीकडं. सोलापुरातून गाडी काढली की तासाभरात कर्नाटक. बेवारस मयत मिळालं की आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पूर्वी कलम १७४ म्हणायचो, आता नव्या कायद्यात १९४. प्रत्येक ठाण्यात त्याची आपापली फाईल. त्या फायली एकमेकांशेजारी ठेवून बघणारा कुणीतरी लागतो. नाहीतर चार खून म्हणजे चार वेगळ्या नोंदी.

बेवारस मयताच्या पंचनाम्यात आम्ही काय लिहायचो ते सांगतो. अंदाजे वय, उंची, बांधा, वर्ण, केस, कपड्यांचा रंग, शिंप्याचं लेबल असलं तर ते, धोब्याची खूण, आणि गोंदण. बायकांच्या हातावर गोंदलेलं नाव असतंय, मराठी, कानडी नाहीतर तेलुगू. ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, वाचता येत नसलं तर चित्र काढल्यासारखं. त्या गोंदणावरनं बाईचं घर सापडतं. पुस्तकात एकाही बाईच्या अंगावरची एकही खूण लिहिलेली नाही. मांजरबाई म्हणतात ते मला वेगळ्या अंगानं पटलं. खात्याच्या रुक्ष कागदावर सुद्धा मेलेल्या बाईची माहिती या पुस्तकापेक्षा जास्त असायची.

पंच मिळायचे नाहीत हा वेगळा विषय. चहाची टपरी बंद करून कोण येणार, आणि पुढं दहा वर्षांनी कोर्टात कोण उभं राहणार.

वाचनमात्र

काका, तुम्ही लिहा. खरंच लिहा. वेगळा धागा काढा.

मिनेसोटाकर

काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

आता एक कोडं, ज्यांनी पूर्ण वाचली त्यांना. चौथ्या खुनाच्या रात्री भट्टीवाला दवाखान्यात भरती असतो, हात भाजलेला. संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो खाटेवर, नर्सच्या नजरेसमोर. खून त्याने दुपारी केला हे ठीक. पण घराचं तापमान रात्री पुन्हा खाली कुणी आणलं? काही वाचक म्हणतात त्याला साथीदार होता आणि दुसऱ्या भागात तो येणार. मला तसं वाटत नाही. इथल्या भिंतीवरच्या तापमान यंत्राला वेळापत्रक लावता येतं. सोमवारी पहाटे पाचला इतकं, रात्री दहाला इतकं. सगळे लोक बिल वाचवायला लावतात. भट्टी दुरुस्त करणाऱ्याला ते डोळे मिटून जमेल. दुपारी लावून निघून जा, रात्री यंत्र आपोआप खाली आणेल. मग मूळ वेळापत्रक परत कुणी लावलं हा प्रश्न उरतो, पण वीज गेली की काही जुनी यंत्रं सगळं विसरतात, आणि कादंबरीत त्या रात्री वादळात वीज जाते. पान २९० च्या आसपास बघा.

ताणाबाणा

भारी. म्हणजे वादळ उगाच नव्हतं. मी ते पान वर्णन समजून पटपट उलटलं होतं.

डॉ_दुपारचे_बारा

मिनेसोटाकर, तर्क पटला. पण एवढी भट्टी रात्रंदिवस पेटवली तर गॅस किती जळेल? चार घरं, चार महिने, आणि प्रत्येक घरात एका दिवसापुरती उसळी.

जमादार_काका

बिल.

पावणेचारशे पानांत एकाही पोलिसानं गॅसचं बिल मागितलं नाही. आमच्याकडं बाईच्या घरातनं पहिल्यांदा जप्त होणाऱ्या वस्तूंत बिलं, पासबुक, रेशनकार्ड, फोन. दुरुस्तीच्या पावत्या पण. चारही घरांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या की खाली सही एकाच माणसाची. यात हुशारी काही नाही, हवालदार सुद्धा करतो.

उन्हाळी_वाचक

अहो काका, मग ती कादंबरी साठाव्या पानावर संपली असती!

कडक_भाकरी

संपू दे की. राहिलेल्या तीनशे पानांत त्या चार बायकांचं लिहायचं.

खिडकीतली_मांजर

भाकरी, आज पहिल्यांदा तुझ्याशी सहमत.

उन्हाळी_वाचक

तसली कादंबरी चांगली असेलही. पण मे महिन्यात रात्री दोनला मी ती हातात धरणार नाही, खरं सांगते. मला तो पालथा कपच हवा. बाकी, दुसरा भाग कुणाकडे असेल तर कळवा. समासात काही लिहिलेली प्रत नको.